अपेक्षित गर्दी

लोणावळ्यात कुणाला चौकात, मैदानात, रस्त्याच्या कडेला काहीही करायचं असू दे, गणपती म्हणा, उरूस म्हणा, दहीहंडी म्हणा, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस म्हणा, आधी देवापुढे नारळ फुटत नाही. आधी लोक नवाज आतारांच्या दुकानाची पायरी चढतात. दुकानावर पाटी आहे ती मंडप, स्पीकर आणि लायटिंगची. पण मंडप काय, कुणीही घालतो हो! परवानगी काढावी ती नवाजभाईंनीच. कुठला कागद कुठल्या खिडकीत, कुठला ना हरकत दाखला आधी आणि कुठला नंतर, कोणता साहेब जेवायच्या आधी सही करतो आणि कोणता जेवून ढेकर दिल्यावर, सगळं तोंडपाठ. पस्तीस-चाळीस वर्षं या माणसानं सरकारी उंबरे झिजवले आणि त्यातून एकच शहाणपण गाठीला बांधलं. येईल त्या मंडळाच्या अध्यक्षाला ते तेच सांगायचे, "हे बघ बाबा, गर्दीचा आकडा निम्मा लिही."

त्याचं असं आहे. मैदानाच्या अर्जात एक रकाना असतो, 'अपेक्षित गर्दी'. तिथं दोनशे लिहा, नगरपरिषदेत एक आणि पोलीस ठाण्यात एक असे दोन शिक्के बसतात आणि तुम्ही मोकळे. पाचशे लिहा, की लागली साडेसाती. वाहतूक शाखेचा दाखला आणा, रुग्णवाहिका उभी करा, बंदोबस्त मागा, हमीपत्र द्या, गाड्या कुठं लावणार त्याचा नकाशा काढा. म्हणून निम्मा. यात काही लबाडी आहे असं नवाजभाईंना कधी वाटलं नाही. कागदाला खरं सांगतंय कोण?

आणि गंमत बघा, कागदावर नवाजभाई जेवढं कमी करायचे, तेवढं माइकवर हौशीराम वाढवायचा.

हौशीराम केदारी, राहणार औंढे. आता अशा माणसाला निवेदक म्हणतात, तेव्हा लोक नुसतं माइकवाला म्हणायचे. जत्रा असो, कुस्त्यांचा आखाडा असो, बैलगाडा शर्यतीचा घाट असो, विसर्जनाची मिरवणूक असो, नवाजभाईंचा स्पीकर जिथं जाईल तिथं हौशीरामचा गळा जायचा. मैदानात दीडशे टाळकी का असेनात, हा माइक तोंडाला लावून ठोकून द्यायचा, "जिकडं बघावं तिकडं मानूसच मानूस, मंडळी! मुंगीला शिरायला जागा न्हाई!" आणि ते ऐकून घरात लोळत पडलेली माणसं खरोखर उठून यायची. अशी ही जोडगोळी. एक निम्मा करणार, दुसरा दुप्पट. खरा आकडा दोघांनीही कधी मोजला नाही.

कार्यक्रम संपला की त्याचं शेवटचं बोलणं ठरलेलं असायचं. "सावकाश जावा मंडळी, लेकरांचं हात धरा, चपला बघून घाला." पोरं खुर्च्या उचलत असायची आणि शेवटची खुर्ची टेम्पोत चढेपर्यंत हा बोलत राहायचा.

नवाजभाईंची थोरली रुमाईसा चार वर्षांची असताना जत्रेत हरवली होती. बापाच्या तोंडचं पाणी पळालं. हौशीरामनं कुस्ती थांबवली. अहो, रंगात आलेली कुस्ती! "पिवळा फ्रॉक, हातात शिट्टी, नाव रुमाईसा. आपली लेक हाय मंडळी, जो तो आपल्या जागंवर थांबा, कुनी हालू नगा!" सगळी जत्रा थांबली आणि बांगड्यांच्या दुकानामागं शिट्टी वाजवत उभी असलेली पोर सापडली. ती आज शिकून सवरून बापाचं दुकान सांभाळते.

असा हा गळा, आणि देवानं नेमका तोच धरला. घशाचा आजार निघाला. ऑपरेशननंतर आवाज गेला तो गेलाच. शेवटचं वर्ष हौशीराम पाटीवर लिहून बोलायचा, आणि मागच्या आषाढात गेला. तीन दिवस नुसती झड लागली होती, औंढ्याच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी. छत्र्या धरून पंधरा-वीस माणसं उभी राहिली, ओल्या लाकडांवर रॉकेल ओतता ओतता पुरुष थकले. नवाजभाई खांदा देऊन घरी आले आणि दोन दिवस दुकान उघडलं नाही.

त्यानंतर सात महिन्यांनी, माघात, हौशीरामची बायको बयाबाई दुकानात आली. औंढ्याहून जीपनं आली, पायरीवर चपला काढल्या, आणि रुमाईसानं दिलेलं पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "नवाजभाऊ, एक मागनं हाय."

"बोला की वहिनी."

"मला त्येंची गर्दी बघायची."

नवाजभाईंना आधी काही उमगेना.

"मी कदी बघितलीच न्हाई वो," बयाबाई म्हणाली. "दुसऱ्या गावाला जायाचं तर म्हशीची धार कोन काडनार? आन् आमच्या गावची जत्रा आसली की मी चुलीफुडं, पावन्यास्नी पोळ्या लाटत. आवाज तेवडा यायचा भिताडातनं, जिकडं बघावं तिकडं मानूसच मानूस. पस्तीस वर्सं आयकलं. दिवाळी न्हाई, पाडवा न्हाई, लेकीचं बारसं व्हतं तवाबी ह्ये पवनानगरला माइकवर. मी भांडले की म्हनायचं, 'बये, मी मेलो की बघ, मावळ लोटंल माज्या दारात.' लोटला का? न्हाई. पाऊस व्हता. पाऊस नसता तर आली असती ना मानसं?"

"आली असती," नवाजभाई म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मंग आता पाऊस न्हाई. मोकळ्या मैदानात करा त्येंच्यासाटनं कायतरी. सभा म्हना, कायबी म्हना. म्या बघते आन् जाते. मंग माजं मन ऱ्हाईल जाग्यावर."

आता या बाईला काय उत्तर द्यायचं, सांगा! नवाजभाईंना खरं ठाऊक होतं. माणसं कुस्तीला येतात, बैलगाड्याला येतात, देवाला येतात. माइकवाल्याला कोण येतो? गरज सरो आणि वैद्य मरो, अशी जगाची रीत. पण त्यांच्या काळजात आणखी एक काटा होता, आणि तो त्यांनी कधी कुणाला दाखवला नव्हता. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ते म्हणायचे, "माझा स्पीकर घेतलात तर हौशीराम त्यातच आला." पस्तीस वर्षं हौशीराम असा त्यातच आला. मंडळवाले त्याच्या हातात नारळ ठेवायचे, डोक्याला टोपी, गळ्यात टॉवेल, आणि तेवढ्यावर गडी खूश. लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या त्यानं, आणि त्या नवाजभाईंच्या चुलीवर भाजल्या.

"करू या वहिनी," ते म्हणाले. "रुमाईसा, अर्ज उघड गं."

हल्ली अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा असतो. रुमाईसा एकेक रकाना वाचत गेली, बाप सांगत गेला. जागा, नगरपरिषदेचं मैदान. कार्यक्रम, श्रद्धांजली सभा. वेळ, रविवारी संध्याकाळी पाच ते आठ. मग ती म्हणाली, "अब्बा, अपेक्षित गर्दी?"

नवाजभाईंनी मनात हिशोब केला. ओढून ताणून पन्नास. निम्मा लिहायचा तर पंचवीस. बयाबाई पुढं सरकून त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"किती येतील वो भाऊ?"

"टाक पाचशे," नवाजभाई म्हणाले.

रुमाईसाचा हात थांबला. "पाचशे?"

"कमीच होतील. टाक."

बयाबाईनं पदर तोंडाला लावला. सात महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर उजेड दिसला, आणि नवाजभाईंना वाटलं, आता हा आकडा मागं घेता यायचा नाही.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण त्यांनी तीन आठवड्यांत पायांचे तुकडे पाडून घेतले. नगरपरिषदेतल्या सारिका मॅडमनी अर्जाची प्रत हातात घेतली, चष्मा वर केला आणि हसायलाच लागल्या. "नवाजभाई, हे तुम्ही लिहिलंय? अहो, अख्ख्या गावाला तुम्ही निम्मा शिकवलात! पन्नास करा. आत्ताच्या आत्ता शिक्का मारून पोच देते."

"नको मॅडम. आकडा राहू द्या."

"बरं, तुमची मर्जी. पद काय लिहू? मयत व्यक्तीचं पद. नगरसेवक, अध्यक्ष, काय होते ते?"

"माइकवाले होते."

"म्हणजे?"

नवाजभाई तिथं खिडकीपाशी उभ्या उभ्याच म्हणाले, "सावकाश जावा मंडळी, लेकरांचं हात धरा, चपला बघून घाला."

सारिका मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. "अगंबाई, ते? मी शाळेत असताना विसर्जनाला ऐकायचे हो त्यांना! गेले? पण चेहरा कधी पाहिला नाही. स्टेजवर कुठं बसायचे?"

"स्टेजवर नाही. मागं, ॲम्प्लिफायरच्या शेजारी."

बाहेर येऊन ते बाकावर बसले. मॅडमनी सहज म्हटलं होतं, पण ते त्यांच्या जिव्हारी लागलं. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आणि माणूस कुणाच्याच नाही. त्याला मागं बसवलं कुणी? वायर आखूड पडते म्हणून त्यांनीच.

पोलीस ठाण्यात परवानग्यांचं टेबल सांभाळायचे हवालदार आदिनाथ. त्यांनी कपाळाला हात लावला. "भाई, पाचशेला मला सहा माणसं द्यावी लागतात. रविवारी पर्यटकांच्या गाड्या काढता काढता आमचा जीव जातो. दीडशे करा. माझ्या पोराच्या मंडळाला तर तुम्ही ऐंशी लिहायला लावलं होतं, आणि आले होते हजार!"

"त्याचं वेगळं होतं, साहेब."

"काय वेगळं?"

"हा आकडा खाली आणला तर हौशीरामच्या बायकोला काय तोंड दाखवू?"

आदिनाथांनी बंदोबस्ताच्या कागदावर सहा लिहिलं.

वाहतूक शाखा झाली. रुग्णवाहिका ठरली. मैदानाचा नकाशा नवाजभाईंनी स्वतः हातानं काढला, दुचाक्या इकडं, जीपा तिकडं, औंढ्याची माणसं पुढं. परवानगीचा कागद हातात पडला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. 'अपेक्षित गर्दी पाचशे' असं त्यावर साहेबाच्या सहीनिशी छापून आलं होतं. कागदावर छापलेलं एवढं ठसठशीत बघून त्यांनाही वाटायला लागलं, येतीलही. का नाही येणार?

मग त्यांनी फोन लावले. ज्या ज्या मंडळांच्या, जत्रा कमिट्यांच्या परवानग्या काढल्या होत्या त्या सगळ्यांना. "येतो की भाई, आपलाच माणूस!" "हे काय सांगणं झालं?" "पोरांना घेऊन येतो." व्हॉट्सॲपवर रुमाईसानं निमंत्रण टाकलं, तर तासाभरात जोडलेल्या हातांची रांग लागली. ती बापाला मोजून दाखवत होती, दोनशे चाळीस. चौकात फ्लेक्स लावला. छापणारा म्हणाला, वर नेत्यांचे चार फोटो टाका, म्हणजे त्यांची माणसं येतात. पण बयाबाई म्हणाली होती, फकस्त त्येंचाच टाका. म्हणून एकट्या हौशीरामचा टाकला, शर्टाची वरची गुंडी लावलेला, कावराबावरा. दोन दिवस लोक फ्लेक्सखाली उभं राहून एकमेकांना विचारत होते, हे कोण म्हणून.

रविवारी चार वाजताच पाचशे खुर्च्या मांडून झाल्या. नवाजभाईंनी त्या दिवशी स्टेजवर फक्त हौशीरामचा फोटो ठेवला आणि त्याच्या पुढ्यात माइक. वायर लांब आणली होती.

औंढ्याची जीप पावणेपाचला आली. बयाबाई, तिचे दीर-जाऊ, शेजारच्या दोघी आणि एक भजनी म्हातारा. बयाबाईच्या काखेत भलं मोठं गाठोडं होतं.

"ह्ये काय वहिनी?"

"टोप्या-टावेल. पेटीभर साटलेत घरात. ज्येनी ज्येनी त्येंचा सत्कार केला, त्येस्नी आज माज्या हातनं द्यावं म्हनलं. पुरतील न्हवं?"

"पुरतील," नवाजभाई म्हणाले आणि त्यांनी तिला पहिल्या रांगेत फोटोसमोर बसवलं. "मागं बघू नका आत्ता. भरलं की मी सांगतो."

पाच वाजले. साडेपाच. नथू पैलवान आला, काठी टेकत. एका कुस्तीत त्याचा खांदा निखळला होता तेव्हा हौशीरामनं माइकवरून डॉक्टर बोलावला होता. तो बसला, दोन्ही हात काठीवर ठेवून. सारिका मॅडम ऑफिसची सुट्टी असूनही आल्या. चहावाला किटली ठेवून कडेला टेकला. चिक्कीच्या पिशव्या घेतलेलं एक पर्यटक जोडपं आलं, खुर्च्या बघून पाय मोकळे करायला बसलं, "भैया, कौन सा फंक्शन है?" विचारून घेतलं आणि उठून गेलं. ती दोघं बसली होती तेवढा वेळ नवाजभाई त्यांच्याकडं आशेनं बघत होते. काय वेळ आली बघा माणसावर!

फोन लावावे तर कुणी उचलेना. सहा वाजता कळलं. त्याच संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका पुढाऱ्याचा वाढदिवस निघाला होता, जेवणासकट, आणि तोही त्याच्या स्वतःच्याच आवारात, म्हणून परवानगीला कुणी नवाजभाईंकडं आलंच नव्हतं. 'आपलाच माणूस' म्हणणारे सगळे तिकडं. नवाजभाईंची मंडपाची पोरंसुद्धा, "खुर्च्या मांडल्यात भाई, जरा जेवून येतो," म्हणून पळाली होती. वारा तिकडून येत होता. त्या वाऱ्याबरोबर कुणा नव्या पोराचा आवाज मैदानावर आला, ऐटबाज, सराईत, "जिकडं बघावं तिकडं मानूसच मानूस, मंडळी! मुंगीला शिरायला जागा न्हाई!"

बयाबाई चटकन ताठ झाली. "त्येंचंच बोलनं," ती म्हणाली.

नवाजभाईंना कुठं तोंड लपवावं कळेना. कडेला सहा पोलीस हाताची घडी घालून उभे होते, अडवायला गर्दीच नव्हती. हवालदार आदिनाथांनी एकवार सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग टोपी काढून काखेत घेतली, दुसऱ्या रांगेत जाऊन बसले आणि बाकीच्या पाचांना मानेनं खुणावलं. तेही टोप्या काढून बसले. रुग्णवाहिकेचा चालक आणि नर्स आपणहून आले.

नवाजभाई माइकपाशी गेले. त्यांना बोलता येत नसे, ते काम कधी त्यांचं नव्हतंच. "मंडळी," ते म्हणाले, आणि पुढं शब्दच सुचेना. आवाज चारी स्पीकरमधून मैदानभर गेला आणि परत आला. मग रुमाईसा उठली. तिनं पिवळ्या फ्रॉकचं सांगितलं, शिट्टीचं सांगितलं, थांबलेल्या कुस्तीचं सांगितलं. "काकांनी एकदा हाक मारली आणि हजारो माणसं जागेवर थांबली," ती म्हणाली आणि मधेच रडायला लागली. भजनी म्हाताऱ्यानं एक अभंग म्हटला. सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं डोळे मिटले.

डोळे उघडल्यावर बयाबाईनं मागं वळून बघितलं.

ती बराच वेळ बघत राहिली. पहिल्या दोन रांगा आणि त्यांच्यामागं मैदानाच्या कुंपणापर्यंत लाल प्लास्टिकच्या खुर्च्या.

"जिकडं बघावं तिकडं खुर्च्याच की वो, भाऊ," ती म्हणाली.

"वहिनी, आज रविवार... आणि तिकडं त्या वाढदिवसानं..."

"पाऊस तर न्हाई ना आज?"

नवाजभाईंनी मान खाली घातली.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं गाठोडं सोडलं आणि जे आले होते त्यांच्यापुढं जाऊन एकेकाला टॉवेल-टोपी दिली. नथू पैलवानाला स्वतः टोपी घातली. सारिका मॅडमना टॉवेल दिला आणि हळदीकुंकू लावलं. चहावाल्यालाही दिलं. पोलिसांपाशी आली तसे ते खाडकन उभे राहिले. उरलेलं गाठोडं तिनं पुन्हा बांधलं. उचलताना ते येताना होतं तेवढंच जड दिसत होतं.

बंदोबस्त संपला की कागद भरायचा असतो. आदिनाथांनी वही काढली आणि हळूच म्हणाले, "भाई, उपस्थिती पाचशे लिहितो. कार्यक्रम शांततेत पार पडला. आमचं काय जातंय?"

नवाजभाईंनी मान डोलावली. तेवढं तरी हौशीरामच्या नावावर राहू दे, असं त्यांना वाटलं.

"नगा लिवू," बयाबाई मागून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली त्यांना कळलंच नाही. "खोटा आकडा मी लय आयकला, सायेब. आज डोळ्यानं बघितलंय. खरा लिवा."

मग नवाजभाईंनी मोजायला सुरुवात केली. औंढ्याची सहा. ते स्वतः आणि रुमाईसा, आठ. पैलवान, मॅडम, चहावाला, अकरा. रुग्णवाहिकेची दोघं, तेरा.

"आम्हाला धरत नाहीत," आदिनाथ म्हणाले. "आम्ही ड्यूटीवर."

"टोप्या काडून बसलावता न्हवं?" बयाबाई म्हणाली. "धरा."

"एकोणीस," नवाजभाई म्हणाले, आणि आदिनाथांनी वहीत एकोणीस लिहिलं.

जीप सुरू झाली. दीर-जाऊ आत बसले. बयाबाई दाराशी थांबली. "नवाजभाऊ, एक इचारू? खरं सांगा. ही एवडीच मानसं त्येंची, तर मंग पस्तीस वर्सं मला घरी टाकून ह्ये कुनासाटनं जात व्हतं वो?"

आता मात्र नवाजभाईंना लपवता येईना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. "माझ्यासाठी, वहिनी," ते म्हणाले. "मी हाक मारायचो म्हणून यायचा. स्पीकरबरोबर फुकट द्यायचो मी त्याला. धंदा माझा वाढला. तुमचा माणूस मी नेला."

त्यांना वाटलं, आता बयाबाई शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "पाटीवर लिवलंवतं त्येनी, जायाच्या आदी. 'नवाजला कायबी बोलू नगं' म्हनून." तिनं गाठोड्यातून एक टॉवेल काढला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. सगळ्यांना देता देता त्यांना द्यायचं राहिलं होतं. "म्हनून बोलले न्हाई. न्हाईतर लय बोलनार व्हते."

जीप मैदानाबाहेर पडली, आणि नवाजभाई टॉवेल तसाच खांद्यावर घेऊन खुर्च्या उचलायला लागले. पोरं अजून आली नव्हती. रुमाईसा दुसऱ्या टोकानं उचलत होती. दहा-पंधरा खुर्च्या एकावर एक चढल्या आणि ते थांबले. हे काम असं मुक्यानं त्यांनी कधी केलंच नव्हतं. ते स्टेजवर गेले, हौशीरामच्या फोटोपुढचा माइक हातात घेतला आणि घसा खाकरला.

"सावकाश जावा, मंडळी," ते म्हणाले. "लेकरांचं..."

रुमाईसानं खालून येऊन त्यांचा हात धरला.